मुकी पट्टी

९ जानेवारी

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणून सुटतोस, म्हणून पत्र. कागदावर 'हो' लिहिलंस की ते माझ्याकडे राहील.

आजीला जाऊन आज सहा आठवडे झाले. आई आणि मी मिळून तिची खोली आवरली. आवरायला होतं तरी काय? थोडे कपडे, दोन चष्मे (एक तिचा, एक आजोबांचा) आणि एकवीस चादरी, सगळ्या कडक इस्त्रीच्या. एक्याण्णव वर्षांच्या बाईला एकवीस चादरी कशाला लागतात, असं आई म्हणाली आणि तिथेच पलंगावर बसून रडली. मला रडू येईना. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईकडे दुसरं काय सापडणार होतं?

तुला आठवतं ना, चादरीची घडी घालायची म्हणजे तिची प्रार्थनाच असायची. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. पहिल्या घडीला एक नाव, दुसऱ्या घडीला दुसरं. चादर लहान असली की लांबचे नातेवाईक प्रार्थनेतून गळायचे, म्हणून ती मुद्दाम डबलबेडच्या चादरी घ्यायची. आणि पहिली घडी कायम तुझी. चादर धरून हात माझे दुखायचे आणि पहिलं नाव मात्र दूरच्या शहरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करत बसलेल्या तुझं! मला फार राग यायचा. आता वाटतं, देवाने मला ती चादरीची दोन टोकं धरायला दिली हेच केवढं दिलं.

आता कामाचं. १४ मार्चला तिचा वाढदिवस, आणि नेमका रविवार आहे. पाळकसाहेबांनी त्या दिवशी आभारप्रार्थना ठेवली आहे. रडारड नको, आभार मानायचे, असं तीच सांगून गेली होती. ऑर्गन मी वाजवणार, तिने शिकवला तेवढा. पण त्यानंतर चर्चच्या मंडळीच्या कमिटीला तो काढून विजेवरचा आणायचाय. कारण एकच, ती मुकी पट्टी. सुतारकाका म्हणाले, लाकूड चांगलं आहे, कपाट होईल. मामा, आजीच्या ऑर्गनचं कपाट!

एकच पट्टी आहे. तू जगाच्या पेट्या बोलत्या करतोस. आधी दोन दिवस ये आणि एवढी एक कर.

तुझी,
लुडबुड
(नाव तूच ठेवलंस, आता भोग)


१७ जानेवारी

प्रिय लुडबुडे,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. चादरींचं वाचून दुकानातच डोळे पुसले. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला सांगितलं, पॉलिशचा वास चढतो.

येण्याचं मात्र कठीण दिसतं. माझ्याकडे अकरा पेट्या उघड्या पडल्या आहेत. त्यातल्या एकीत उंदराने बाळंतपण केलं आहे. शिवाय गुडघा. तुमच्या जवळच्या शहरात माझ्या ओळखीचा एक चांगला कारागीर आहे, त्याला चिठ्ठी देतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि खरं सांगू का, त्या पट्टीचा एवढा बाऊ कशाला? चव्वेचाळीस वर्षं ती तशीच आहे आणि आईचं काही अडलं नाही. तिच्या हाताखाली ऑर्गन कसा वाजायचा! पाय भात्यावर असे पडायचे की वारा कमी नाही, जास्त नाही. एवढी मोजून हवा मी कोणाकडे पाहिली नाही. मी धंद्यात जे काही शिकलो त्याचं पहिलं बोट तिनेच धरलं होतं. सात वर्षांचा असताना ती मला ऑर्गनच्या मागे बसवायची आणि विचारायची, कोणता सूर दुखतोय सांग. मी सांगायचो. डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं.

ताईला सलाम सांग. ती माझ्यावर चिडली आहे हे मला ठाऊक आहे. सांगू नकोस मग. नुसतं मी बरा आहे एवढं सांग.

तुझा,
मामा


२४ जानेवारी

प्रिय मामा,
सलाम.

तुझा कारागीर नको. आजी असती तर तिलाही नको होता. माझ्या आठवणीतच दोनदा दुरुस्तीवाले आले होते. तिने दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

आता मला एक सांग. 'चव्वेचाळीस वर्षं' हा आकडा तू कुठून आणलास? मी कमिटीतल्या सगळ्यांना विचारलं, पट्टी कधी बंद पडली. कोणी म्हणालं तीस वर्षं, कोणी म्हणालं पहिल्यापासून. पाळकसाहेब तर नवेच. सुतारकाका म्हणाले, आपल्याला कळायला लागल्यापासून तिसऱ्या ओळीला आपण छातीतून ओढतो, बस्स. आणि तुला मात्र वर्ष पाठ!

तुला बहुतेक माहीतही नसेल, आमच्याकडे त्या आभाराच्या गीताला काय होतं ते. तिसऱ्या ओळीत सूर वर चढतो आणि नेमका तिथेच ऑर्गन गप्प. म्हणून आजीने सगळ्या मंडळीला शिकवलं होतं, तो सूर आपण भरून काढायचा. तिथे आलं की म्हातारेकोतारे, पोरंटोरं सगळे जीव खाऊन ओढतात. परगावचे पाहुणे दचकतात. मी शिकायला बाहेर गेले तेव्हा दुसऱ्या चर्चमध्ये तसंच ओरडले होते आणि बाकावरचे लोक वळून बघायला लागले होते. तेव्हा मला कळलं की ही जगाची रीत नाही, आजीची आहे.

तुला माहीत नसेल असं म्हणते, कारण तू रविवारी इथे कधी असतोस? सोमवारी येतोस, शनिवारच्या गाडीने जातोस. आजी हसून म्हणायची, माझ्या लेकाचा आठवडा सहाच दिवसांचा आहे. आम्हीही हसायचो. पण तिच्या दफनाच्या दिवशी तू चर्चच्या फाटकाशी उभा राहिलास आणि आत आला नाहीस, तेव्हा कोणी हसलं नाही. आई त्यावर चिडली आहे. तिला वाटतं, तू देवाला सोडलंस.

मला तसं वाटत नाही. मला वाटतं तू काहीतरी लपवतोयस. मी औषधाच्या दुकानात काम करते. कोण नुसता खोकला सांगून दुसरंच औषध मागायला आलाय ते मला काउंटरवरून कळतं.

लुडबुड


६ फेब्रुवारी

प्रिय लुडबुडे,

हे पत्र दोनदा फाडलं. हे तिसरं. वाच आणि मग ताईला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मी अठरा वर्षांचा होतो. पेट्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकायला लागून आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत माणसाला जेवढं येतं त्याच्या दुप्पट मला येतंय असं मला वाटत होतं. सुट्टीला घरी आलो. आई म्हणाली, वरची एक पट्टी जरा उतरली आहे रे, कानाला लागते. एवढंच म्हणाली. दुरुस्त कर असं म्हणाली नव्हती.

शनिवारी दुपारी ती कामावर असताना मी चर्चची किल्ली घेतली. तुला कळेल असं सांगतो. प्रत्येक पट्टीच्या आत पितळेची एक पातळ जीभ असते. वाऱ्याने ती थरथरते आणि सूर येतो. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मिस्त्रींची छोटी कानस मी न विचारता आणली होती. घासलं. ऐकलं. अजून थोडं घासलं. तिसऱ्या वेळी जीभ चिरली आणि माझ्या हातात दोन तुकडे आले.

मी तुटका तुकडा होता तिथे सरकवला, झाकण लावलं आणि घरी येऊन जेवलो. जेवलो गं! अजून आठवतं, पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब येणार होते. आई सराव म्हणून कधीपासून वाजवायची, पण उपासनेला ऑर्गनवर बसायला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाईमाणसाला भाता पेलणार नाही असं म्हणणारे चौघे-पाच जण कमिटीत होते. तिसऱ्या ओळीला तिने ती पट्टी दाबली आणि काहीच आलं नाही. भर चर्चमध्ये भोकच पडलं. तिने पुन्हा दाबली. सगळे बाक वळून तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान लाल झालेले मला तिसऱ्या बाकावरून दिसत होते. बघणाऱ्यांत मी नव्हतो. मी माझ्या हातांकडे बघत होतो.

कमिटी म्हणाली, बाईंनी वाद्य नीट सांभाळलं नाही. वर्षभर ऑर्गन शाळेच्या मास्तरांकडे दिला. आई गुपचूप बाकावर बसून गायची. मी एक शब्द बोललो असतो तर हे टळलं असतं. बोललो नाही. सोमवारी पहाटेची गाडी पकडली. पुढे मास्तरांची बदली झाली म्हणून तिला तो परत मिळाला. माझ्यामुळे नाही.

आता ती मला दर महिन्याला पत्र लिहायची हे तुला माहीत आहे. कोणाचं लग्न, कोणाला दात आला, तू कुठे लुडबुड केलीस, सगळं. आणि शेवटी सहीच्या वर दर वेळी एकच ओळ: 'ती पट्टी अजून तशीच आहे.' दर महिन्याला! तिला कळलं होतं, लुडबुडे. ती मला कधी रागावली नाही, घरी गेलो की मायेने करायची, पण ही ओळ तिने एकदाही चुकवली नाही. मी ती ओळ वाचायचो आणि पत्र मिटवायचो. त्या चर्चमध्ये जाऊन तिच्या नजरेसमोर बसायची माझी छाती झाली नाही. फाटकाशी उभा होतो तेव्हाही तीच ओळ डोक्यात होती.

देवाला मी सोडलेलं नाही. त्याच्या घरात माझं एक काम मी बिघडवून ठेवलंय, एवढंच.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यावर बसून राहिले. मग आईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "गाढव आहे. अठराव्या वर्षी गाढव होता, आता म्हातारं गाढव आहे." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली. ती आता चिडलेली नाही, एवढं सांगते.

मी दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडून कमिटीची जुनी इतिवृत्तं मागून घेतली. तू म्हणशील लुडबुड. आहेच. तीन ठिकाणी ऑर्गनची नोंद सापडली. पहिली चाळीस वर्षांपूर्वीची, शेवटची नऊ वर्षांपूर्वीची. तिन्ही वेळा कमिटीने बाहेरचा माणूस बोलावून पट्टी दुरुस्त करायचं ठरवलं. तिन्ही वेळा आजीने नको म्हटलं. मी जसंच्या तसं उतरवते, कारण तिन्ही वेळा वाक्य तेच आहे: 'ऑर्गनवादक बाईंचे म्हणणे की हे काम त्यांच्या मुलाचे आहे, तो येऊन करील, तोवर मंडळीने गाऊन भागवावे.'

मामा, मंडळीने चव्वेचाळीस वर्षं गाऊन भागवलं! दोनशे माणसांना तिने ओरडायला शिकवलं, पण तुझं काम दुसऱ्याला करू दिलं नाही.

आता ती ओळ परत वाच. माझ्याकडे तिची तुला लिहिलेली पत्रं नाहीत, पण तिला मी ओळखते. एखादं भांडं तुझ्यासाठी झाकून ठेवलं की ती काय म्हणायची? 'अजून तसंच आहे हो.' ते काय टोमणा म्हणून म्हणायची? तू येऊन जेवावंस म्हणून म्हणायची. तू मेल्या दर महिन्याला आलेलं आमंत्रण समन्स समजून मिटवून ठेवलंस.

एक कबुली माझीही. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच रविवारी मी कमिटीला सांगून टाकलं होतं की तू येतोयस. सुतारकाकांनी कपाटाचा बेत रद्द केला. तेव्हा आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे. गुडघ्याला मलम देते, दुकानातलं.

लुडबुड


२० फेब्रुवारी

लुडबुडे,

तिची पत्रं पेटीतून काढली. पाचशेच्या वर आहेत. चार दिवस सगळ्यांच्या फक्त शेवटच्या ओळी वाचल्या. दुकान बंद ठेवलं.

शुक्रवारी, १२ मार्चला संध्याकाळच्या गाडीने पोचतो. शनिवारी मला चर्चमध्ये एकट्याला सोडा. तुलाही सांगतोय.

परतीचं तिकीट सोमवारचं काढलं आहे.

मामा


१६ मार्च

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

तू पोचला असशील. घर एकदम मोठं वाटतंय. आईने तुझं ताट आजही वाढलं आणि मग स्वतःशीच हसली.

मला दोन गोष्टी सांग, नाहीतर मला झोप लागायची नाही. पहिली: शनिवारी दुपारी तू चर्चमधून बाहेर आलास तेव्हा नाकाला रुमाल होता. मी विचारलं तर म्हणालास, धूळ. आत्ता आठवतंय, तो रुमाल तुझा नव्हता. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची टीप होती, धुलाईखात्यातली. तुझ्याकडे कुठून आला?

दुसरी: मी ऑर्गनवर बसले की माझी पाठ सगळ्यांकडे. तिसरी ओळ आली, मी पट्टी दाबली, तो सूर निघाला. आणि मागे काहीतरी झालं. आवाज एकदम खाली बसला, मग कोणीतरी हसल्यासारखं, मग इतका मोठा झाला की खिडक्या वाजल्या. काय झालं? आईला विचारते तर ती पदराला डोळे लावते आणि सांगतच नाही. सुतारकाका म्हणतात, "तू मामालाच विचार."

लुडबुड


२२ मार्च

प्रिय लुडबुडे,
खूप आशीर्वाद.

सगळं सांगतो. शनिवारी मागची फळी काढली. आत तेच होतं, माझा तुटका तुकडा तिरपा बसलेला. आणि भात्याच्या बाजूला कोपऱ्यात एक रुमाल, चार पदरी घडी घातलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. उलगडला तर आत एक नवी कोरी पितळी जीभ आणि मिस्त्रींची कानस.

ती कानस मी त्या शनिवारी आत विसरलो होतो. पुढे दोन महिने दुकानभर शोधल्याचं नाटक केलं. मिस्त्रींनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि मग अचानक ते विचारायचे थांबले. मला वाटलं, सुटलो. आता जीभ उजेडाकडे धरली तर मुळाशी एक बारीक फुली कोरलेली. फुली मिस्त्रींची. ते बनवलेल्या प्रत्येक जिभेवर करायचे. म्हणजे आईने त्यांना लिहिलं होतं आणि त्यांनी जीभ करून पाठवली होती. दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, काम मात्र बांधून तयार ठेवलं. मिस्त्रींच्या हाताखाली मी नंतर अकरा वर्षं होतो गं. रोज एका पातेल्यातला चहा प्यायलो.

बसवली तर सूर किंचित उतरलेला. मिस्त्री असं काम बाहेर पाठवायचे नाहीत. मुद्दाम ठेवला होता, शेवटचं घासणं मी करावं म्हणून. त्याच कानशीने, त्याच जागी. आधी बाकावर जाऊन बसलो आणि प्रार्थना केली. फार मोठी नाही. आई चादरीची एक घडी घालेल तेवढी. मग घासलं. ऐकलं. अजून थोडं घासलं. तिसऱ्यांदा घासायची वेळ आली नाही.

म्हणून तो रुमाल माझ्याजवळ होता. धूळही होती थोडी.

आता रविवारचं. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो, ताईच्या शेजारी. तिसरी ओळ आली तशी सगळ्यांनी सवयीने छाती भरून घेतली, भोक भरायला. आणि भोकच नाही! तू पट्टी दाबलीस आणि तो सूर आधीच तिथे हजर. सुतारकाकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अर्धी मंडळी गप्प झाली. मग कोणीतरी हसलं. आणि मग सगळे बाक वळले, लुडबुडे. पुढचे मागे, बाजूचे आडवे, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी चव्वेचाळीस वर्षं ज्या गोष्टीला भीत होतो तीच. मी हातांकडे बघणार होतो, पण ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, तेव्हा वर बघावं लागलं. एकही चेहरा रागावलेला नव्हता. पोरंसुद्धा हसत होती, त्यांना तर काही माहीतही नव्हतं. मग सुतारकाकांनी उचललं आणि सगळ्यांनी तो सूर इतका ओढला की ऑर्गन त्याखाली बुडाला. मीही ओढला. माझा आवाज फाटला.

देवाने मला अशी आई दिली आणि मी तिला इतकी वर्षं चुकीची वाचली. तरी तिने माझी जागा भरू दिली नाही. याचे आभार मी कसे मानू ते मला अजून कळत नाही, म्हणून सध्या कानस रोज वापरतोय.

जुना तुटका तुकडा मी फेकला नाही. तू दिलेल्या मलमाच्या डबीत घालून त्याच कोपऱ्यात ठेवला आहे. कमिटीला काही सांगू नकोस.

एक राहिलं. आईच्या प्रत्येक पत्राला मी उत्तर लिहिलं, पण त्या शेवटच्या ओळीला कधी लिहिलं नाही. आता तिचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्याच पत्रात लिहितो. आई, पट्टी वाजते.

भात्याचं चामडं जुनं झालंय, दोन ठिकाणी वारा जातो. पुढच्या महिन्यात येतो. चार दिवस लागतील, रविवार धरून.

तुझा,
मामा